थांबलेला चेहरा

दादा म्हणतो, यंदा मोहोर लवकर आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. रत्नागिरीजवळ पावस गावी आमची हापूसची जी काही कलमं आहेत ती तोच बघतो. मोहोर लवकर आला तर थंडी टिकणार नाही म्हणून कुरकुरतो, उशिरा आला तर फळ पावसात सापडेल म्हणून कुरकुरतो. बागायतदाराचा आंबा तेवढा गोड, तोंड कधीच नाही. सकाळी पडवीत चहा घेऊन बसलं की वरच्या कातळावरून वारा उतरतो आणि तो वास घेऊन येतो. आंबूस, तुरट, घशात बसणारा. मुंबईचे पाहुणे डोळे मिटून तो छातीत भरून घेतात आणि 'अहाहा' करतात. मी कप उचलून आत जाते.

मला मोहोराचा वास सोसत नाही. विचारलं कुणी तर ॲलर्जी आहे म्हणून सांगते. ॲलर्जी म्हटलं की लोक गप्प बसतात, पुढे विचारत नाहीत. खरं कारण सांगायला बसले तर चहा गार होईल आणि समोरचा माणूसही.

मोहोराबरोबर आणखी एक गोष्ट दरवर्षी न चुकता येते. हौशी नाटकांच्या स्पर्धेचा फोन. आमच्या रत्नागिरीत हिवाळा लागला की आंब्यांना मोहोर येतो आणि माणसांना नाटक येतं. बँकेतले, कोर्टातले, शाळेतले, दुकानातले, सगळे दिवसभराची कामं उरकून संध्याकाळी कुठल्या तरी वर्गात जमतात, बाकं बाजूला सारतात आणि तालमी करतात. मला फोन येतो तो मात्र तालमीचा नव्हे. परवाही आला. मंडळाचे नवे चिटणीस होते.

"ताई, यंदा दीपप्रज्वलन तुमच्या हस्ते ठरवलंय."

मी म्हटलं, "घसा बसलाय हो माझा."

"बोलायचं काय नाय ताई. नुसती समई पेटवायची."

नुसती समई पेटवायची. उभा जन्म रंगमंच आणि पडदा यांच्या मधल्या फटीत घालवलेल्या बाईकडून आता गावाला एवढंच हवं असतं. ती जिवंत आहे आणि तिला काडी ओढता येते. मी नाही म्हटलं. चिटणीसांना वाईट वाटलं असेल, वाटू दे.

तुम्ही मला ओळखता. नाव नाही आठवणार, पण बघितलंत की म्हणाल, "ती हो, ती सासू! मोठ्या बाई!" संध्याकाळी सातच्या त्या मालिकेतल्या मोठ्या बाई म्हणजे मी. सुनेच्या दुधात काहीबाही कालवणारी, किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून जिना उतरणारी. एकदा चिपळूणच्या एका देवळात एका आजीने माझ्या पुढ्यातला प्रसाद मागे घेतला होता. "आधी सुनेशी नीट वाग," म्हणाली. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता. आता वाटतो तो राग. आजीचा नव्हे, माझ्या अभिमानाचा.

मालिकेत मी गेले ती कुणाच्या तरी मावशीचं चार दिवसांचं काम म्हणून. त्याआधी नाटक. कॉलेजात असताना रत्नागिरीत, मग मुंबईला, व्यावसायिक रंगभूमीवर. गावोगावच्या नाट्यगृहांच्या मेकअपरूम मला अजून वासावरून ओळखता येतील. तेव्हा आम्ही पूर्ण नाटक पोटात घेऊन फिरायचो. बसमध्ये झोपेतून उठवून कुणी मधलंच वाक्य म्हटलं तर पुढचं तोंडातून आपसूक पडायचं. मग नाटकांची संख्या घटली, गुडघे दुखायला लागले, आणि मालिकेची गाडी दारात येऊन उभी राहिली. घरची माणसं म्हणाली, बरं झालं, स्थिर झालीस.

मालिकेत अभिनय कसा करतात ते सांगते. सकाळी केसांवर टोप चढत असताना हातात प्रवेश येतो. शाई ओली असते. त्यातली चारच वाक्यं पाठ करायची, कारण पाचव्याच्या आधी 'कट' होणार असतं. वाक्य झालं की पाठोपाठ आवाज येतो, "ताई, लुक द्या." मग कॅमेरा एकेकाच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा जातो. तुम्ही घरी बघता तेव्हा मागे ढोल वाजतात, विजा कडाडतात. सेटवर त्यातलं काही नसतं. आवाज नको म्हणून पंखेसुद्धा बंद असतात. तुम्ही मान किंचित वळवायची, डोळे मोठे करायचे, श्वास धरायचा आणि कुणी सांगेपर्यंत तसंच थांबायचं. कपाळावरून घाम उतरतो, तो भुवईत अडवायचा. मी त्यात पटाईत झाले. नव्या मुली माझं बघून शिकायच्या. "ताई किती वेळ होल्ड करतात!" असं दिग्दर्शकाचे मदतनीस कौतुकाने सांगायचे. मी मनात म्हणायची, हे काय, हे तर बिनवाक्याचं काम.

काही वर्षांपूर्वी पौषात मला मालिकेच्या निर्मितीवाल्यांचा फोन आला. "ताई, पुढचे काही दिवस तुमचा ट्रॅक नाहीये. गावी जाऊन या, मस्त आराम करा." एवढ्या वर्षांत इतक्या प्रेमाने कुणी सुट्टी दिली नव्हती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी आनंदाने पावसला आले. आये, म्हणजे आमची आई, तेव्हा होती. ऐंशीच्या घरातली, पाठीत वाकलेली, जिभेने ताठ. मी आले म्हणून शेजारपाजारच्या बायका संध्याकाळी टीव्हीसमोर जमल्या. मोठ्या बाईंच्या शेजारी बसून मोठ्या बाईंना बघायचं, अशी हौस. वहिनीने भाजलेले शेंगदाणे ठेवले होते.

मालिका सुरू झाली. तोच आमचा दिवाणखाना, तोच जिना. कॅमेरा जिन्यावरून भिंतीवर गेला आणि भिंतीवर मी होते. फ्रेममध्ये. चंदनाचा हार घातलेली. खाली समई. सून हुंदके देत म्हणाली, "आई, तुम्ही असं अचानक कसं हो गेलात?" आणि मग तिने चेहरा धरला. चांगला धरला. मीच शिकवला होता. तो फोटो महिन्याभरापूर्वी पोस्टरसाठी म्हणून काढून घेतला होता. फोटोग्राफरने "ताई, जरा हसा" म्हटलं होतं आणि मी हसले होते.

वहिनीने टीव्ही बंद केला. शेंगदाण्यांतला हात कुणाचाच हलेना. शेवटी आये बोलली.

"जित्या मानसाच्या फोटूला हार? हात झडतील मेल्यांचे!"

मी मुंबईला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "क्रिएटिव्हचा निर्णय होता ताई. आम्हालाही खूप वाईट वाटलं." कुणी मेल्यावर बोलतात तोच सूर. मला मारून मलाच भेटायला आल्यासारखी ती बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासेवाली सुगंधा टोपली घेऊन दारात. नेहमीसारखी ओरडली नाही. हळूच आत डोकावली, मला बघितलं आणि टोपली उतरवत म्हणाली, "टीवीत मेलीस म्हंत्यात ना गो? बरा झाला. आता हितंच ऱ्हा. बांगडे दिऊ?" सगळ्या सांत्वनांमध्ये तेवढंच खरं होतं. मी बांगडे घेतले.

आयेने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. तेवढ्याने तिचं समाधान होईना. दोन दिवसांनी मला ग्रामदेवतेच्या देवळात घेऊन गेली. गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या फोटूला कुनी हार घातलो असंल, कुनाची वाईट नजर पडली असंल, ती इडापिडा दूर कर रे म्हाराजा!" आम्ही सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. संपलं असं वाटलं, तर आये पदर पुढे घेऊन स्वतःच बोलली, "आनि हिला परत तितं न्हेव नको रे बाबा." गुरवाने माझ्याकडे बघितलं. "व्हय म्हाराजा," तो एकटाच म्हणाला.

मला तिचा संताप आला. देवाकडे माझं आयुष्य मागितलं आणि त्याच दमात माझं काम काढून घेतलं. पण घरी येताना वाटेत मला एक लख्ख दिसलं. मला परत 'तितं' जायचंच नव्हतं. मला दाखवायचं होतं की त्यांनी भिंतीवर टांगलेली बाई मेली असेल, नटी मेलेली नाही. जिने रंगमंचावर उभं राहून शेवटच्या रांगेतल्या माणसाला खुर्चीत हलायला लावलं होतं ती अजून आहे. ती नसेल तर मग मी कोण, हा प्रश्न मला त्या पौषात पहिल्यांदा पडला. त्याचं उत्तर मला हवंच होतं. मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने रत्नागिरीला गेले, आबांकडे.

आबा म्हणजे ज्यांनी मला उभं राहायला शिकवलं ते. बंदर खात्यात कारकून होते, आता निवृत्त. उभ्या हयातीत त्यांनी नाटकाशिवाय कशावर मोठ्याने बोलल्याचं कुणाला आठवत नाही. नाटकात मात्र असं बोलायचे की ऐकणाऱ्याने कान धुवावेत. मी एकोणीस वर्षांची असताना माझा आवाज पुढच्या दोन रांगांच्या पलीकडे जात नसे. तेव्हा ते भर तालमीत ओरडले होते, "काय गो, मागच्या माणसाने काय तुझं वाक्य घरी जाऊन पोस्टाने मागवायचं?" एकदा खडू फेकून मारला. एकदा मला दाराबाहेर उभं केलं आणि बाहेरूनच सगळा प्रवेश म्हणायला लावला, आतल्या सगळ्यांना ऐकू येईपर्यंत. मी रडत म्हटला. दुसऱ्या दिवशी घसा फुटला आणि आवाज सापडला. तो आवाज घेऊन मी मुंबईला गेले.

तालीम शाळेच्या वर्गात चालली होती. फळ्यावर अजून कुणाचे तरी पाढे होते. मी दारात उभी राहिले आणि आबा खुर्चीतून उठले. "या, या ताई! अरे, खुर्ची द्या, पंखा लावा." सगळे गोळा झाले. मला बरं वाटलं. मला ताई म्हणाले, उठून उभे राहिले. मूर्ख बाई, बरं वाटलं!

नाटक एका खाणावळवाल्या बाईचं होतं. बंदरावरच्या गावात ती खाणावळ चालवते. नवरा तरुणपणी बोटीवर गेला तो परत आलाच नाही. पुष्कळ वर्षांनी तो गिऱ्हाईक म्हणून येऊन बसतो. ती ओळखते, तोही ओळखतो. ती त्याला पोटभर वाढते आणि शेवटी म्हणते, "जेवलात? मग ताट धुवा आणि निघा." म्हणते आणि लगेच वळून हाक देते, "पुढचं पान!" बास. एवढ्यावर नाटक उभं होतं. मी एका कोपऱ्यात बसून बघितलं आणि माझे हात शिवशिवले. ही बाई मी होते.

ते काम सुजाता करत होती. सुजाता एस.टी.त कंडक्टर, आमच्याच पावसच्या गाडीवर. तिशीतली, गव्हाळ, रुंद हाडांची. मागच्या दारात लोंबकळणाऱ्या माणसाला पुढून तिकीट विचारणारा आवाज. मी तालीम संपल्यावर म्हटलं, "आबा, मला काम हवंय." आबांनी सुजाताकडे बघितलं. तिने क्षणाचाही वेळ न लावता हातातली संहिता माझ्यापुढे धरली.

"ताई करनार असतील तर मी कशाला? मी खानावळीतल्या पोरीचा करत्ये. ताईंबरोबर उभं ऱ्हायला मिळतंय, आनखी काय पायजे?"

तेव्हाच्या चिटणीसांचे डोळे चमकले. नाट्यगृह भरणार होतं. आबा थोडा वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बरं. बघू या."

पहिले काही दिवस मी सांगत राहिले की पाठांतर जरा गंजलंय, निघेल. निघेना. चार वाक्यं झाली की डोकं आपोआप रिकामं व्हायचं, पुढच्या 'कट'ची वाट बघत. आवाजही परत त्या पुढच्या दोन रांगांतच अडकला. इतकी वर्षं पदराच्या आत माइक खोचलेला. कुजबुजलं तरी चालत होतं, किंबहुना कुजबुजलेलंच चालत होतं. पण या दोन्ही गोष्टी मेहनतीने सुधारल्या असत्या. तिसरी गोष्ट भलतीच होती.

"मग ताट धुवा आणि निघा," मी म्हटलं आणि थांबले. मान किंचित वळवली. डोळे मोठे केले. श्वास धरला. समोर फळा, फळ्यावर पाढे. सगळे माझ्याकडे बघताहेत. मी त्यांच्याकडे बघतेय. कुठून तरी कुणी तरी काही तरी म्हणावं म्हणून मी थांबले होते. मग मला आठवलं, इथे कुणी काही म्हणणार नाही. "पुढचं पान," मी म्हटलं. तोवर ते पान वाळून गेलं होतं.

आबांनी सगळ्यांना बसवून समजावलं. माझ्याकडे न बघता. "ही बाई थांबत नाही हो. नवरा गेला तेव्हा थांबली नाही, पोर आजारी पडलं तेव्हा थांबली नाही. थांबली असती तर रडली असती. म्हणून वाक्य संपलं की दुसऱ्या क्षणाला पुढचं पान. त्यातच तिचं रडणं आलं. कळलं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "ताई, तिथे जरा पटकन घेतलंत तर?"

"हो हो," मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी परत थांबले.

कळत होतं. मला कळत नव्हतं असं नाही. वाक्याच्या आधीच मी स्वतःला बजावायची, थांबायचं नाही, वळायचं. पण अंगच थांबायचं. मी सकाळी बागेत जाऊन कलमांसमोर सराव करायची. मोहोर भरात आला होता, दादाची फवारणी चालू होती, औषधाचा वास आणि मोहोराचा वास एकमेकांत मिसळून डोकं जड व्हायचं. पंपाच्या घरघरीवर आवाज चढवून मी झाडाला सांगायची, "ताट धुवा आणि निघा!" दादा पंप थांबवून विचारायचा, "काय गो, कोणाला हाकलत्येस?" मी त्यालाच विचारायची, "मी थांबले का?" तो म्हणायचा, "मी कुठे बघत होतो?" आयेला पडवीत समोर बसवून करून दाखवलं. तिने नीट बघितलं. "थांबलीस तर काय झाला? मानसाने जरा दम घेव नये?" म्हणाली. घरात माझं दुखणं कुणाला समजेल अशी सोय नव्हती.

तालमीत आबा सगळ्यांना फोडून काढत होते. नवऱ्याचं काम करणाऱ्या वकिलाला म्हणाले, "बोटीवर होतात ना तुम्ही? मग एवढे कोरडे कसे?" सुजाताला तर रोजचा प्रसाद. "काय गो, ताट ठेवत्येस का आपटत्येस? खाणावळ आहे, एस.टी. स्टँड नव्हे." ती हसायची, परत करायची, परत शिव्या खायची, आणि रोज थोडी वाढायची. डोळ्यांदेखत वाढायची. मी माझी पाळी यायची वाट बघायची. चुकत तर मीच सगळ्यांत जास्त होते. पण माझी पाळी आली की आबांचा आवाज खाली यायचा. "छान, ताई. जरा एवढं बघा." मी स्वतःची समजूत घालायची, मान देताहेत. हा नुसता मान नाही, हे दुसऱ्या बाजूने मला समजायलाही लागलं होतं, पण समजून घ्यायला मी तयार नव्हते.

हल्ली रत्नागिरीला जायचं झालं तर कधीकधी सुजाताची गाडी मिळते. मला चढताना बघून ती खिडकीशेजारची जागा करून देते. "बसा ताई." शहरातल्या हौशी नाटकांत तिच्या तोडीची नटी आज नाही, हे मला सगळे सांगतात, न विचारता. ती स्वतः कधी सांगत नाही. तिकीट फाडते, सुटे मागते, पुढे जाते. मला तिचा हेवा वाटतो का? वाटतो. पण तिच्या बक्षिसांचा नाही. कशाचा ते पुढे सांगते.

स्पर्धेच्या दिवशी नाट्यगृह तुडुंब भरलं होतं. हौशी नाटकाला इतकी गर्दी म्हणजे चिटणीसांना आभाळ ठेंगणं. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला आणि मी आत पाऊल टाकताच टाळ्या पडल्या. अजून मी एक शब्द बोलले नव्हते. मागून कुणी ओरडलं, "मोठ्या बाई!" हशा पिकला. वकिलाचं पहिलं वाक्य त्या गोंधळात वाहून गेलं. मी पळी हातात घेतली. पहिल्या ताटाकडे पाऊल आपसूक वळलं, आणि मला वाटलं, आहे, अजून आहे. त्या पहिल्या अंकात खरंच काही ठिकाणी मी होते. आवाज मध्यापर्यंत जात होता. एका जागी तर पूर्ण नाट्यगृह शांत झालं, मला ती शांतता ओळखीची वाटली.

मग तो प्रवेश आला. नवरा जेवला. मी शेवटचा भात वाढला, ताक ओतलं. त्याने हात धुतले. मी म्हटलं, "जेवलात? मग ताट धुवा आणि निघा."

आणि थांबले.

मान वळली, डोळे मोठे झाले. लोकांना हेच हवं होतं. रोज संध्याकाळी सातला घरात बघितलेला तोच चेहरा आज फुकट समोर जिवंत होता. टाळ्या, शिट्ट्या. टाळ्या वाढल्या तसा माझा चेहरा आणखी घट्ट झाला. पुढचं वाक्य मला पाठ होतं, विसरले नव्हते. पण तोंडापर्यंत येईना. मी त्या टाळ्यांमध्ये उभी राहून वाट बघत होते. टाळ्या संपल्या. तरी मी उभी. खोकल्याचे आवाज यायला लागले. वकील माझ्याकडे बघत होता, त्याच्या कपाळावर पावडर विरघळत होती.

"पुढचं पान!"

सुजाता ओरडली. स्वयंपाकघराच्या दारातून. तिच्या त्या आवाजाने नाट्यगृहाच्या शेवटच्या भिंतीला हात लावला. ती आली, माझ्या हातातली पळी काढून घेतली, पुढच्या बाकावर वाढायला वाकली, आणि नाटक चालू लागलं. प्रेक्षकांपैकी कुणाला काही कळलं नाही. उलट म्हातारीचा वारसा पोरीने उचलला, असं काही तरी थोर म्हणून एका परीक्षकांनी मागाहून त्याचं कौतुकही केलं.

पडदा पडला आणि बायकांचा घोळका आत आला. पुष्पगुच्छ, खांद्यावर हात, फोन. एक बाई म्हणाली, "ताई, ते थांबून बघता ना, ते एकदा कराल? माझ्या सासूला दाखवायचंय." मी केलं. तिने फोन नीट धरला नव्हता म्हणून परत केलं. ती म्हणाली, "सेम टीव्हीसारखं!" आणि खरंच ते अगदी बरोबर झालं होतं. समोर कॅमेरा होता ना.

तेवढ्यात विंगेतून आबांचा आवाज आला. वर चढलेला, फाटलेला, मला एकोणीस वर्षांची करून टाकणारा. मी पुष्पगुच्छ घेऊन तिकडे गेले. सुजाता खाली मान घालून उभी होती, खाणावळीच्या पोरीचं फाटकं लुगडं अजून अंगावर.

"दुसऱ्याचं वाक्य घेत्येस? कुणी सांगितलं तुला? नाटक पडलं असतं तर पडू द्यायचं होतं! रंगमंचावर दुसऱ्याच्या तोंडातला घास काढायचा नसतो, एवढं अजून कळत नाही? आणि घेतलंस तर घेतलंस, एवढं ओरडून? ती बाई ओरडत नाही गो, ती हाक मारत्ये! गाडी सुटत्ये काय कुणाची?"

सुजाताच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आणि मला, मेलं, तिचा हेवा वाटला. तिच्या जागी उभं राहायला मी हातातली सगळी फुलं, बाहेरच्या सगळ्या टाळ्या, सगळ्या मोठ्या बाई देऊन टाकल्या असत्या.

"आबा," मी म्हटलं, "चूक माझी होती. तिला कशाला बोलता? मला बोला."

आबा वळले. मला बघितलं तसा त्यांचा आवाज उतरला. चष्मा काढला, डोळे चोळले, आणि दोन्ही हात जोडले. माझ्यासमोर, ज्यांनी मला खडू फेकून मारला होता त्यांनी.

"छे हो ताई. तुम्हाला काय बोलायचं? तुम्ही वेळात वेळ काढून आलात, हेच आमच्यावर उपकार."

मग ते सुजाताकडे वळले. "डोळे पूस. उद्या सहाला ये. पुढच्या प्रयोगाआधी हा प्रवेश परत बसवायचाय, ते पान कसं मागायचं ते शिकवतो तुला." ती नाक ओढत "हो" म्हणाली.

मी तिथेच उभी होते. मला वाटलं, आता म्हणतील, तुम्हीही या. आबांनी इकडेतिकडे बघितलं, चिटणीसांना हाक मारली, आणि माझ्याकडे बघून अगदी मायेने म्हणाले, "ताई, तुम्हाला पावसला सोडायला गाडी सांगितल्ये हो. दमला असाल."